सदाफुली

(पाऊस कमी, विहिरी कोरड्या आणि जमीन मुरमाड. अशा गावातही फुलांची बाग करता येते. त्यासाठी फार पाणी लागत नाही. कोणते झाड कुठे शोभेल, एवढे कळावे लागते. या पाठात सदाफुली या ओळखीच्या झाडाची माहिती दिली आहे. ते कसे लावावे, कसे वाढवावे, त्याचा माणसाला कोणता उपयोग झाला आणि त्यापासून कोणती सावधगिरी बाळगावी, हे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहे.)

मुलांनो, सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. पश्चिमेला डोंगरात महाबळेश्वर सापडेल. तेथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आता बोट पूर्वेकडे सरकवा. सातारा शहर ओलांडून आणखी सुमारे ५० किलोमीटर पुढे या. येथे वडूज आहे. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. येथे वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जिल्हा एकच, पण पाऊस किती वेगळा! समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या रांगांवर रिते होतात आणि पूर्वेकडच्या गावांच्या वाट्याला थोडेच पाणी येते.

वडूजजवळून येरळा नदी वाहते. पुढे सांगली जिल्ह्यात ती कृष्णेला मिळते. पावसाळ्यात तिला पाणी असते. उन्हाळ्यात मात्र पात्रात वाळू आणि दगडच दिसतात. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी या भागातली म्हातारी माणसे अजून सांगतात. त्यानंतरही कितीतरी उन्हाळ्यांत लोकांनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहिली आहे.

अशा गावात एखाद्या मुलीने "मला बाग करायची आहे," असे म्हटले, तर घरातली माणसे काय म्हणतील? "प्यायला पाणी मिळेना आणि तुझ्या फुलांना कुठून आणायचे?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून आपण बाग अशी करू, की घरातल्या पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही तिला द्यावा लागणार नाही.

त्यासाठी पहिले काम म्हणजे झाडाची निवड. हिवाळ्यात मोठ्या बागांत आणि कचेऱ्यांसमोर लाल साल्व्हियाचे ताटवे तुम्ही पाहिले असतील. दुरून पाहिले तर जमिनीवर लाल गालिचा अंथरल्यासारखा वाटतो. हे मूळचे ब्राझील देशातले झाड. आपल्याकडे ते बहुधा एका हंगामापुरते लावतात. त्याला नियमित पाणी हवे आणि वडूजचे एप्रिल-मे महिन्यांतले ऊन त्याला सोसत नाही. ऊन वाढले, की ताटवा वाळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवी रोपे आणावी लागतात. ज्यांच्याकडे पाणी आणि माळी दोन्ही आहेत, त्यांनी साल्व्हिया जरूर लावावा. आपण मात्र असे झाड शोधू, जे थोड्या पाण्यावर जगते, वर्षभर फुलते आणि एकदा लावले, की दोनतीन वर्षे टिकते.

ते झाड तुमच्या ओळखीचेच आहे. घरी आपण त्याला 'सदाबहार' म्हणतो. मराठीत त्याचे नाव 'सदाफुली'. नाव नीट ऐका. 'सदा' म्हणजे नेहमी. हा शब्द दोन्ही भाषांत आहे. उर्दूने त्याला 'बहार' जोडली, मराठीने 'फुली' जोडली. अर्थ जवळजवळ एकच राहिला. रोपवाटिकेत गेलात, तर तेथे याच झाडाला 'विन्का' म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याला पूर्वी दिलेल्या 'विन्का रोझिया' या नावावरून ते आले आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव 'कॅथरँथस रोझियस' असे आहे.

सदाफुलीही परदेशातूनच आली. आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. ते तिचे माहेर. पण ती आपल्याकडे इतकी रुळली, की आता कोणी तिला पाहुणी म्हणणार नाही. घराच्या पायरीशी, शाळेच्या कुंपणाजवळ, कब्रस्तानात, भिंतीच्या फटीत, जिथे थोडी माती मिळेल तिथे ती उगवते.

आता एक रोप जवळून पाहा. ते फूटभर ते दोनतीन फूट उंच वाढते. पाने समोरासमोर येतात. ती गर्द हिरवी आणि चकचकीत असतात. फुलाला पाच पाकळ्या असतात आणि खाली बारीक नळी असते. रंग गुलाबी किंवा पांढरा. काही पांढऱ्या फुलांच्या मध्यभागी लाल ठिपका असतो. फांदी जसजशी वाढते, तसतशी पानांच्या बगलेत नव्या कळ्या येत राहतात. म्हणून एक फूल गळले, तरी झाड फुलांवाचून राहत नाही. 'सदाफुली' या नावाचे रहस्य हेच आहे.

तिला थोडे पाणी कसे पुरते? पानांवर मेणासारखा पातळ थर असतो. त्यामुळे पानांतले पाणी लवकर उडून जात नाही. कडक उन्हात दुपारी पाने थोडी मिटल्यासारखी होतात आणि संध्याकाळी पुन्हा ताजी दिसतात. दुपारी झाड मलूल दिसले म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळपर्यंत थांबा. तेव्हाही पाने मिटलेलीच असतील, तर मात्र त्याला खरोखर तहान लागली आहे, असे समजा.

लागवड कशी करावी, ते आता पाहू.

सदाफुलीला जोडीने बारीक शेंगा येतात. शेंग हिरवी असते, तोवर तोडू नका. ती पिवळसर झाली, की तोडून कागदाच्या पुडीत ठेवा. उशीर केलात, तर शेंग आपोआप उकलते आणि बी सांडून जाते. बी काळे आणि अगदी बारीक असते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, की ते पेरावे. जुन्या डब्यात किंवा कुंडीत माती भरा. डब्याच्या तळाला दोनतीन भोके पाडायला विसरू नका. बी टाकून त्यावर बोटभर नव्हे, नुसता मातीचा पातळ थर पसरा. हे बी अंधारात चांगले रुजते. म्हणून ते उघडे ठेवू नये. साधारण दोन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. रोपांना चारसहा पाने आली, की ती जमिनीत लावा. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा.

जमीन भारी नसली, तरी चालते. वडूजच्या आसपास पुष्कळ ठिकाणी मुरमाड जमीन आहे. सदाफुलीला ती मानवते, कारण तीत पाणी साचत नाही. खड्ड्यात ओंजळभर कुजलेले शेणखत घाला, म्हणजे पुरे. काळ्या चिकट मातीत मात्र थोडी वाळू मिसळा आणि वाफा जरा उंच करा. हे झाड तहान सोसते. पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजतात आणि हिरवेगार दिसणारे झाड दोनचार दिवसांत मान टाकते. माया करण्याच्या भरात रोज पाणी घालणारा माणूसच सदाफुलीचा खरा शत्रू आहे, बरे का! जागा मात्र उन्हाची हवी. सावलीत झाड नुसते उंच वाढते आणि फुले कमी येतात.

रोप रुजेपर्यंत पहिले काही आठवडे माती ओलसर ठेवा. पावसाळ्यात ते काम पाऊसच करतो. पुढे हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आणि उन्हाळ्यात एक दिवसाआड प्रत्येक झाडाला तांब्याभर पाणी द्या. हे पाणी कुठून आणायचे? तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी घरात रोज निघते. वुजूचे पाणी रोज वाहून जाते. त्यात साबण नसतो. ते एका बादलीत धरा किंवा छोटी चारी काढून थेट वाफ्याकडे वळवा. जे पाणी गटारात जाणार होते, त्यावरच आपली बाग उभी राहील. वाफ्यावर वाळलेला पाला पसरला, तर माती ओल धरून ठेवते आणि पाणी आणखी कमी लागते.

बाकी कामे थोडी आहेत. रोप वीतभर झाले, की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात आणि झाड भरदार होते. उन्हाळा संपता संपता जुन्या झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग छाटा. पांढऱ्या कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले, तर ते ओल्या फडक्याने पुसून काढा. दोनतीन वर्षांनी खोड जाड होते, खालची पाने झडतात. तेव्हा जुने झाड काढून टाका. नवी रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. सांडलेल्या बियांतून ती जवळपास उगवलेलीच असतात. आणखी एक गंमत सांगतो. गावात मोकळ्या फिरणाऱ्या शेळ्या गुलाबाचा फडशा पाडतात. पण सदाफुलीच्या वाटेला सहसा जात नाहीत. तिची पाने फार कडू असतात.

या कडूपणातच एक मोठी गोष्ट दडलेली आहे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर काही लोक साखरेच्या आजारावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत असत. १९५० च्या सुमारास ही पाने कॅनडात तपासणीसाठी पोचली. तेथे रॉबर्ट नोबल या संशोधकाने त्यांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. उंदरांच्या रक्तातली साखर काही कमी झाली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र एकदम घटल्या. दुसरा एखादा असता, तर 'औषध निरुपयोगी' असे लिहून मोकळा झाला असता. नोबल यांनी विचार केला, की रक्ताच्या कर्करोगात तर पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात! त्यांनी चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने पानांतला तो घटक वेगळा केला. १९५८ मध्ये जगाला 'व्हिनब्लास्टीन' या औषधाची ओळख झाली. पुढे अमेरिकेतील संशोधकांना याच झाडात 'व्हिनक्रिस्टीन' हे दुसरे औषध मिळाले. १९६३ पासून ते रुग्णांना मिळू लागले. त्याआधी रक्ताचा कर्करोग झालेली मुले क्वचितच वाचत. आज इतर औषधांबरोबर व्हिनक्रिस्टीन दिले जाते आणि वेळेवर पूर्ण उपचार मिळाले, तर त्यांतली बहुतेक मुले बरी होतात.

पण येथेच सावध व्हा. एक ग्रॅम व्हिनब्लास्टीन काढण्यासाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. ते शुद्ध करून, तोलून-मापून डॉक्टरच देतात. सदाफुलीचे पान स्वतः विषारी आहे. आपल्याकडेही काही लोक साखर कमी व्हावी म्हणून सकाळी ही पाने चावून खातात. कोणी कितीही खात्रीने सांगितले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे करू नका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे सांगा. लहान भावंडांना पाने-फुले तोंडात घालू देऊ नका. छाटणी केल्यावर हात साबणाने धुवा. झाडावर प्रेम करायचे, ते त्याचे गुण आणि दोष दोन्ही ओळखून.

मुलांनो, सदाफुली स्वस्त आहे, कुठेही उगवते, म्हणून लोक तिच्याकडे पाहतही नाहीत. पण कमी पाण्याच्या गावाला तिने फुले दिली आणि आजारी मुलांना औषध दिले. येत्या जूनमध्ये तुम्हीही एक पुडी बी पेरा. घरातले कोणी पाण्याचा प्रश्न विचारले, तर त्यांना ती धुण्याच्या पाण्याची बादली दाखवा. मग तेही नाही म्हणणार नाहीत.

शब्दार्थ

मुरमाड – मुरूम असलेली, खडेयुक्त (जमीन)
रिते होणे – रिकामे होणे
ताटवा – फुलझाडांचा गच्च वाफा
माहेर – लग्न झालेल्या स्त्रीच्या आईवडिलांचे घर, मायका. येथे मूळ ठिकाण
रुळणे – सवयीचे होणे, मिसळून जाणे
मलूल – कोमेजलेले
चारी – पाणी वाहून नेण्यासाठी खणलेली अरुंद वाट
बेसुमार – बेहिशेबी, फार जास्त

वाक्प्रचार

मान टाकणे – कोमेजून मरणे
फडशा पाडणे – खाऊन संपवणे
वाटेला न जाणे – त्रास न देणे, दूर राहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वडूज कोणत्या तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे?
(आ) सदाफुली मूळची कोठली?
(इ) शेळ्या सदाफुली का खात नाहीत?
(ई) सदाफुलीचे बी मातीने का झाकावे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) महाबळेश्वर आणि वडूज येथील पावसात फरक का पडतो?
(आ) बागेसाठी पाणी मिळवण्याचे कोणते उपाय लेखकाने सांगितले आहेत?
(इ) रोज पाणी घालणाऱ्याला लेखक सदाफुलीचा शत्रू का म्हणतो?

प्र. ३. कारण सांगा.
रॉबर्ट नोबल यांनी उंदरांवरील प्रयोग वाया गेला, असे मानले नाही, कारण...

प्र. ४. 'बाग, जमीन, हवा, गुलाब, कागद' हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
मान टाकणे, फडशा पाडणे, वाटेला न जाणे.

उपक्रम : आपल्या घरी एका दिवसात साबण नसलेले किती तांबे पाणी वाया जाते, ते मोजा. त्यावर सदाफुलीची किती झाडे जगतील, याचा हिशेब वर्गात मांडा.