सही कोणाची?



आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही जातो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. खाटेवर आजी असतात, आणि ऑपरेशनची बोलणी बाहेर व्हरांड्यात मुलगा, जावई नि डॉक्टर यांच्यात होतात. आजींना विचारले तर म्हणतात, "फादर, मला काय कळतंय? पोरं बघतील."

हे प्रेमापोटीच होते. पण ख्रिस्तसभेची शिकवण आणि देशाचा कायदा, दोन्ही आजींच्या बाजूचे आहेत. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना सांगितले होते की, रुग्णावर डॉक्टरांचा वेगळा, स्वतंत्र असा हक्क नसतो. रुग्णाने स्पष्टपणे किंवा सूचकपणे परवानगी दिली तरच सहसा त्यांना पुढे जाता येते.

कायद्याचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा समीरा कोहली खटल्यातील निकाल पाहा. या प्रौढ महिलेने तपासणीसाठी दुर्बिणीच्या ऑपरेशनला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय व अंडाशय काढले. न्यायालयाने म्हटले, जिवाला तातडीचा धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आईची संमती चालणार नाही. सख्ख्या आईचीसुद्धा! मग जावयाची कशी चालेल?

अर्थात गणेशपुरीहून रात्री गाडी करून भिवंडीला किंवा ठाण्याला धावताना जिवावरच बेतले असेल, तर गोष्ट निराळी. तिथे डॉक्टर थांबत नाहीत, थांबूही नये.

आपल्या राज्यात जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आली. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते, दरपत्रक लावावे लागते, बिलासाठी मृतदेह अडवता येत नाही. उपचारांचे कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळावेत, हा नियम तर २००२ पासूनच आहे.

डॉक्टरांवर संशय घ्या, असे आम्ही सुचवत नाही. ओपीडीची रांग लांब असते, त्यांनाही वेळ कमी. म्हणून प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्यावेत: आजार नेमका काय, ऑपरेशन केले नाही तर काय होईल, दुसरा उपाय आहे का, खर्च किती. आणि निघण्यापूर्वी तो कागद आजींना वाचून दाखवावा. त्यांचाही एखादा प्रश्न असेल, तो सगळ्यात वर लिहावा.