पार्किंगच्या दाव्याला कैफियत कशी द्यावी

इंग्लंडमधल्या मराठी घरांना खासगी पार्किंग कंपनीची नोटीस आता नवी राहिलेली नाही. सुपरमार्केटचं आवार, हॉस्पिटल, गणपतीसाठी भाड्याने घेतलेल्या हॉलशेजारची मोकळी जागा, इतकंच काय, स्वतःच्या फ्लॅटखालची जागा, कुठूनही ती येते. लोक पत्र बाजूला ठेवतात. मग वसुली एजन्सीची पत्रं येतात, तीही बाजूला पडतात. इथवर फारसं बिघडत नाही, कारण या एजन्सीला घरात येऊन काही उचलून नेण्याचा अधिकार नसतो. पण एक दिवस नॉर्थॅम्प्टनच्या सिव्हिल नॅशनल बिझनेस सेंटरमधून कोर्टाचा क्लेम फॉर्म येतो आणि तोही त्याच ढिगात जातो. खरं नुकसान तिथे होतं. माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक बाजू लंगडी होती म्हणून हरले नाहीत. त्यांनी उत्तरच दिलं नाही म्हणून ते हरले, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

खाली दिलेली पद्धत इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमधले नियम वेगळे आहेत. कौन्सिलचा दंडही यात येत नाही. त्यावरचं अपील ट्रिब्युनलकडे जातं, त्यामुळे नोटीस कोणी पाठवली आहे ते आधी नीट वाचा.

दाव्याआधीचं पत्र

दावा लावण्यापूर्वी कंपनीला किंवा तिच्या वकिलांना ‘लेटर बिफोर क्लेम’ पाठवावं लागतं आणि उत्तरासाठी ३० दिवस द्यावे लागतात. या पत्राला उत्तर द्याच. पैसे देणं लागत नाही असं थोडक्यात लिहा, मूळ नोटीस, फोटो, फलकाचा मजकूर आणि जागामालकाशी झालेल्या कराराची प्रत मागा, आणि तुमचा सध्याचा पत्ता ठळकपणे कळवा. सोबत कंपनीकडे ‘सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट’ करा. तुमच्याविषयीची त्यांच्याकडची सगळी माहिती एका महिन्याच्या आत देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. गाडी आत आली आणि बाहेर गेली तेव्हाचे कॅमेऱ्याचे फोटो बऱ्याचदा यातूनच हाती लागतात.

क्लेम फॉर्म आला की त्याच दिवशी

फॉर्मच्या उजव्या वरच्या बाजूला ‘इश्यू डेट’ असते. सगळं गणित तिच्यावर आहे. त्या तारखेनंतर पाचव्या दिवशी फॉर्म तुम्हाला पोचला असं कोर्ट धरतं, आणि तिथून उत्तरासाठी १४ दिवस मिळतात. फॉर्मवर दिलेल्या पासवर्डने ‘मनी क्लेम ऑनलाइन’वर जाऊन ‘अ‍ॅक्नॉलेजमेंट ऑफ सर्व्हिस’, म्हणजे दावा मिळाल्याची पोच, भरली की ते १४ दिवस २८ होतात. म्हणजे इश्यू डेट १ जून असेल, तर पोच २० जूनपर्यंत आणि कैफियत ४ जुलैपर्यंत. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लिहा आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

पोच भरताना संपूर्ण दावा लढवणार हा पर्याय निवडा आणि कैफियतीची चौकट रिकामी ठेवा. रागाच्या भरात तिथे दोन ओळी लिहिल्या, तर त्याच तुमची कैफियत ठरतात आणि पुढे बदल करणं अवघड होतं.

उत्तर गेलं नाही तर कंपनीला एकतर्फी निकाल मिळतो. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर त्या निकालाची, म्हणजे सीसीजेची (काउंटी कोर्ट जजमेंट), नोंद सहा वर्षं रजिस्टरवर राहते. गृहकर्ज, मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट, भाड्याच्या घराची चौकशी, सगळीकडे ती आडवी येते. शंभर पौंडांच्या नोटिशीपायी घराचं कर्ज अडू देऊ नका.

आपली बाजू शोधणं

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. नमुन्याची पानंच्या पानं उतरवून काढलेल्या कैफियती न्यायाधीशांनी शेकड्यांनी वाचलेल्या असतात. तुमच्या प्रकरणातली एक खरी, पुराव्यानिशी मांडलेली गोष्ट त्या सगळ्यांपेक्षा जड भरते.

आधी काय चालणार नाही ते समजून घ्या. ‘त्यांचं काही नुकसान झालं नाही, मग पैसे कसले?’ हा मुद्दा २०१५ साली सुप्रीम कोर्टात निकालात निघाला. चेम्सफर्डच्या रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, बॅरी बीव्हिस ५६ मिनिटं जास्त थांबले, आणि पार्किंगआय कंपनीचे ८५ पौंड वैध ठरले. पण हा निकाल पूर्ण वाचला तर तो तुमच्याही कामी येतो. तिथे फलक मोठे, भरपूर आणि स्पष्ट होते, रक्कम ठळक छापलेली होती, आणि गाड्या फिरत्या राहाव्यात यात मालकाचं रास्त हित होतं. तुमच्या जागेत यातलं काय नव्हतं, ते शोधा.

फलकापासून सुरुवात करा. शक्य असेल तर जागेवर जाऊन फोटो काढा, आणि घटना रात्रीची असेल तर रात्रीच जा. प्रवेशावर फलक आहे का, गाडीत बसून वाचता येतो का, रक्कम बारीक अक्षरांत दडली आहे का, झाडाने झाकला आहे का? फलकच बदलला असेल तर गूगल स्ट्रीट व्ह्यूवरची जुन्या तारखांची चित्रं पाहा. फलकावर नुसतं ‘फक्त परमिटधारकांसाठी’ असेल, तर बाकीच्यांना पार्किंगचा कोणताही प्रस्ताव दिलेलाच नाही, म्हणून करारही झालेला नाही, असा युक्तिवाद करता येतो. मग उरतं ते फार तर अतिक्रमण, आणि त्याचा दावा लावायचा तर जागेच्या मालकाने लावावा. मजकुराचे दोन अर्थ निघत असतील, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरला जातो.

मग वेळेकडे वळा. कॅमेरा प्रवेश आणि निर्गमन टिपतो, गाडी उभी होती तो वेळ टिपत नाही. जागा शोधणं, फलक वाचणं, मशिनपुढची रांग, बाहेर पडतानाची कोंडी हे सगळं मध्येच येतं. पार्किंग कंपन्यांच्या दोन संघटनांच्या २०२४ च्या संयुक्त संहितेत सुरुवातीला विचारासाठी किमान ५ मिनिटं आणि मुदत संपल्यावर बहुतेक ठिकाणी १० मिनिटं सवलत आहे. एकाच दिवशी दोनदा गेला असाल, तर पहिला प्रवेश आणि दुसरं निर्गमन जोडून एकच लांबलचक मुक्काम दाखवला जातो, असंही घडतं. अशा वेळी मधल्या काळातली दुसरीकडची पावती किंवा बँकेची नोंद तुमची बाजू सावरते. पैसे भरले पण गाडीच्या नंबरात शून्याऐवजी ओ टाइप झाला असेल, तर भरल्याचा पुरावा जपून ठेवा.

स्वतःच्या इमारतीत नोटीस आली असेल तर लीज किंवा भाडेकरार उघडा. त्यात पार्किंगचा हक्क असेल, तर नंतर आलेल्या कंपनीने भिंतीवर फलक लावून तो हिरावून घेता येत नाही. २०१६ साली ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातल्या अपिलात, इमारतीच्या दारापाशी सामान उतरवण्यापुरतं थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, असा निर्णय रहिवाशाच्या बाजूने झाला. तो बंधनकारक नाही, तरी न्यायाधीश तो लक्षात घेतात.

गाडी कोण चालवत होतं?

करार होतो तो चालकाशी, आणि नोटीस येते ती रजिस्टर्ड कीपरला. चालक कोण ते कंपनीला कळलं नसेल, तर कीपरकडून वसुली करण्याची वाट ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२’च्या चौथ्या परिशिष्टातून जाते, आणि तिच्या अटी कडक आहेत. काचेवर नोटीस लावलेली नसेल, तर कीपरची नोटीस घटनेनंतर १४ दिवसांत पोचायला हवी. टपालाने पाठवलेली नोटीस दुसऱ्या कामाच्या दिवशी पोचली असं धरतात. काचेवर लावलेली असेल, तर कीपरची नोटीस पोचण्याचा काळ २८ दिवसांनंतर सुरू होऊन ५६ व्या दिवशी संपतो. २८ दिवसांत पैसे आले नाहीत आणि चालकाचं नाव-पत्ता कळला नाही तर कीपर जबाबदार ठरेल, हा इशारा नोटिशीत हवाच. विमानतळ आणि रेल्वे यांच्या बायलॉजखालच्या जागांना हे परिशिष्ट लागूच होत नाही. एखादी अट चुकली, तर चालक म्हणून नाव पुढे न आलेल्या कीपरवरचा दावा टिकणं कठीण.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. चालकाचं नाव सांगण्याची कीपरवर या दिवाणी दाव्यात सक्ती नाही, पण तुम्हीच चालवत असताना ‘मी नव्हतो’ असं लिहू नका. कैफियतीखाली सत्यतेचं विधान असतं आणि खोट्याला कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. आधीच्या पत्रव्यवहारात तुम्ही चालक असल्याचं सांगून झालं असेल, तर हा मुद्दा सोडा आणि फलक, वेळ, करार यांवर लढा.

कैफियत लिहिणं

इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक देऊन, साध्या भाषेत लिहा. वर क्लेम नंबर आणि पक्षकारांची नावं. मग दाव्यातलं एकेक विधान घ्या आणि ते मान्य, अमान्य, की तुम्हाला माहीत नसल्याने वादीने सिद्ध करावं, ते सांगा. ज्या विधानाला उत्तर मिळत नाही ते मान्य धरलं जाऊ शकतं. तुम्ही रजिस्टर्ड कीपर आहात हे बहुधा मान्यच असतं. त्यानंतर त्या दिवशी काय झालं ते पाच-सहा वाक्यांत, आणि शेवटी कायद्याचे मुद्दे.

कंपनीचा दावा बहुधा चार ओळींचा असतो आणि नेमका कोणता नियम कसा मोडला ते त्यात नसतं. तसं असेल तर ते सुरुवातीलाच नोंदवा. २०२३ साली ल्यूटनच्या काउंटी कोर्टातल्या अपिलात असाच मोघम दावा काढून टाकला गेला.

मग रकमेचा हिशेब तपासा. १०० पौंडांची नोटीस, वर ‘वसुली खर्च’ म्हणून ६० किंवा ७०, कोर्ट फी ३५, वकिलाचे ठरावीक ५० आणि ८ टक्के दराने व्याज, असं ते २५० च्या वर जातं. ते ६०-७० पौंड अमान्य करा. कीपरकडून नोटिशीतल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही, असं वर सांगितलेल्या चौथ्या परिशिष्टात म्हटलं आहे.

मालकाच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार कंपनीला आहे का, हेही सिद्ध करायला सांगा. खाली सत्यतेचं विधान, सही, तारीख. पीडीएफ करून क्लेम नंबरसह नॉर्थॅम्प्टनच्या केंद्राला ईमेल करा आणि पोच आल्याशिवाय निश्चिंत होऊ नका.

सुनावणीपर्यंत

नंतर ‘एन१८०’ ही प्रश्नावली येते. मुदतीत भरा, सोयीचं कोर्ट म्हणून घराजवळचं लिहा, प्रत कंपनीला पाठवा. मे २०२४ पासून अशा दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. ती मोफत असते, तासाभराची असते आणि दोन्ही बाजू मध्यस्थाशी वेगवेगळं बोलतात. फोन घ्याच. पैसे कबूल करण्याची मात्र सक्ती नाही.

तडजोड झाली नाही तर प्रकरण तुमच्या कोर्टात येतं. सुनावणीच्या नोटिशीत साक्षीचं निवेदन कधीपर्यंत द्यायचं ते असतं, बहुतेकदा १४ दिवस आधी. त्यात प्रथमपुरुषी घटनाक्रम आणि क्रमांक दिलेले पुरावे जोडा. कंपनीचं निवेदन आलं की त्यातले फोटो तारखांसह तपासा, कारण दुसऱ्याच जागेचे किंवा नंतरच्या वर्षाचे फलक जोडलेले आढळतात. सुनावणीची फी कंपनीला भरावी लागते. कित्येकदा याच टप्प्यावर कंपनी दावा मागे घेते.

सुनावणी बहुतेक वेळा साध्या खोलीत, तासाभरात आटोपते. डिस्ट्रिक्ट जजना ‘जज’ म्हणून संबोधायचं. इंग्रजी अडखळत असेल तर तुम्ही हजर असताना मित्र किंवा नातेवाईक तुमच्या वतीने बोलू शकतो. जिंकलात तर प्रवासखर्च आणि बुडालेल्या पगारापोटी दिवसाला ९५ पौंडांपर्यंत मागा. हरलात तर स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाचं मोठं बिल अंगावर येत नाही. नोटिशीची रक्कम, फी, ठरावीक खर्च आणि व्याज मिळून आकडा सहसा दोनशेच्या आसपास राहतो. ते एका महिन्यात भरलं की रजिस्टरवर नोंद उरत नाही.

एकतर्फी निकाल जुन्या पत्त्यावर होऊन गेला असेल, तर ‘एन२४४’ अर्जाने तो रद्द करून घेता येतो, पण त्याची फीच तीनशे पौंडांच्या घरात आहे आणि अर्ज कळल्याबरोबर करावा लागतो. म्हणून घर बदललं की त्याच आठवड्यात गाडीच्या लॉगबुकवरचा पत्ता डीव्हीएलएकडे बदलून घ्या. ते ऑनलाइन होतं आणि मोफत आहे. न बदलल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.