अर्थ नाही, म्हणून अनर्थ!

मेसला भाजी आणणारी जुनी पिकअप असो नाहीतर गावाकडची, तिचा एक रोग ठरलेला: ब्रेक दाबला की बंद असलेला इंडिकेटर मिणमिणतो. मग काय, आधी बल्ब बदला, मग फ्लॅशर, मग स्विच! मित्रांनो, थांबा. आधी मल्टिमीटर काढा.

बॅटरीची निगेटिव्ह बाजू चॅसीला जोडलेली असते, म्हणजे करंटची परतीची वायर हा पत्राच. टेललॅम्पच्या अर्थिंगचा बोल्ट गंजला की ब्रेकचा करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून वाट काढतो. तपासायचं कसं? मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या होल्डरच्या अर्थवर. रीडिंग साधारण 0.2 व्होल्टच्या आत हवं. दोन-तीन व्होल्ट दिसले तर बोल्ट काढा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा. खर्च जवळपास शून्य!

आता पार्टचं. 'बसला' म्हणजे 'चालला' नव्हे. हेडलाइटचा एच-4 बल्ब 60/55 वॅटचा. त्याच होल्डरमध्ये 100/90 चाही मस्त बसतो. पण हिशोब करा: 12 व्होल्टला 60 वॅटचे दोन दिवे 10 अँपिअर घेतात, 100 वॅटचे जवळजवळ 17. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेतीन पट! जुनी वायर वितळणारच. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकला, तर वायरच फ्यूज बनते आणि गाडी पेटू शकते.

तेव्हा दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या. आकार, पिना आणि वॅट-अँपिअरचे आकडे, सगळं जुळवा. पी इज इक्वल टू व्ही आय फक्त व्हायव्हासाठी नसतं!