जळलेल्या छापखान्यांतील सोबती

संकटांत सांपडलेल्या भावाकडे आपण जातों तेव्हां बहुधा त्याचें सांत्वन करतों आणि घरीं परत येतों. सांत्वन वाईट नव्हे. पण ज्याचें घर जळालें त्याला शब्दांपेक्षां वांसे व गवत अधिक हवें असतें, हें खेड्यांतील मंडळीला सांगावयास नको. आजच्या पाठासाठीं सन १८१२ मधील एक हकीकत घेतली आहे. ती बंगाल्यांतील श्रीरामपूरची आहे. आपल्या नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर निराळें. तें गांव कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या कांठीं आहे, आणि तेथें विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे तिघे सन १८०० पासून एकत्र राहून काम करीत होते. केरीसाहेबांचें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं, मराठी कोश १८१० सालीं, आणि नव्या कराराचें मराठी भाषांतर १८११ सालीं निघालें. हीं कामेंहि त्यांनीं एकट्यानें केलीं नाहींत. फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठी पंडित वैजनाथ शर्मा ह्यांचें मोठें साहाय्य त्यांस होतें.

११ मार्च १८१२, बुधवार. केरीसाहेब कॉलेजांत शिकविण्यासाठीं कलकत्त्यास गेले होते. सायंकाळीं वॉर्ड छापखान्यांत बसले असतां कागदाच्या साठ्याकडून धूर येतांना दिसला. इमारत सुमारें २०० फूट लांबीची होती. आगीला वारा मिळूं नये म्हणून वॉर्डसाहेबांनीं दारेंखिडक्या बंद करविल्या, छपरास भोंक पाडविलें, आणि लोक वरून पाणी ओतूं लागले. कित्येक तास आग दबून राहिली. मग कोणीं तरी खिडक्या उघडल्या, आणि क्षणांत ज्वाळा बाहेर आल्या. त्या माणसाच्या मनांत वाईट होतें असें कोण म्हणेल? पण ज्याच्या हातीं काम आहे त्याला न विचारतां केलेली मदत अशीहि असते. मध्यरात्रीच्या सुमारास छप्पर कोसळलें. चवदा पूर्वेकडील भाषांचे खिळे वितळले, कागद राख झाला, आणि केरीसाहेबांच्या अनेक वर्षांच्या श्रमाचीं हस्तलिखितें जळालीं. त्यांत पुष्कळ भाषांच्या शब्दांचा एक मोठा कोशहि होता. बाजूच्या खोलींतील छापण्याचीं यंत्रें तेवढीं वांचलीं.

आतां सोबत्यांनीं काय केलें तें पाहूं. दुसऱ्या दिवशीं ही बातमी केरीसाहेबांस कळवावयाची होती. चिठ्ठी देऊन एखादा गडी पाठवितां आला असता. पण रात्रभर आगीशीं झगडलेले मार्शमन स्वतः कलकत्त्यास गेले. ऐकून केरीसाहेबांस कांहीं वेळ बोलवेना. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्यापाशीं मुकाट्यानें बसले होते. पुढें ते बोलूं लागले तेव्हां बिघडलें. जवळ उभें राहणें हें अशा वेळीं पहिलें काम असतें, आणि तें मार्शमन ह्यांनीं केलें. कलकत्त्याचे धर्मगुरु टॉमस टॉमसन हे वेगळ्या पंथाचे. तेहि नावेंत बसून केरीसाहेबांबरोबर श्रीरामपुरास आले आणि धुमसणाऱ्या राखेंतून त्यांच्यासमवेत चालले.

इकडे वॉर्ड राख उपसण्यांत गुंतले होते. खिळे तयार करण्याचे पोलादी ठसे व तांब्याचे सांचे ढिगाऱ्याखालीं शाबूत आहेत, हें त्यांना उमगलें. ते नवे करावयाचे तर वर्षें गेलीं असतीं. केरीसाहेब पोहोंचले तेव्हां हीच बातमी घेऊन वॉर्ड त्यांस सामोरे आले. एक गुदाम नुकतेंच रिकामें झालें होतें. तेथें लगेच काम हलविलें. वितळलेलें शिसें गोळा झालें, आणि देशी कारागीर पाळीपाळीनें रात्रंदिवस नवे खिळे ओतूं लागले. पंडित आपापल्या भाषांतरांकडे वळले. ह्या कारागिरांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत, ही मला खेदाची गोष्ट वाटते. कारण त्यांच्यावांचून वॉर्डसाहेबांचे ठसे नुसते लोखंड राहिले असते. केरीसाहेबांनीं पुढें लिहिलें कीं, एकदां चाललेली वाट दुसऱ्यांदा चालणें सोपें जातें.

नुकसान सुमारें १०,००० पौंडांचें होतें. बातमी सप्टेंबरांत इंग्लंडांत पोहोंचली आणि सुमारें दोन महिन्यांत तेवढी रक्कम जमली. तेथील चिटणीस अँड्र्यू फुलर ह्यांनीं मात्र पैशाबरोबर एक इशाराहि धाडला: इतकी स्तुति होऊं लागली आहे कीं मला भीति वाटते.

हें प्रेम त्या रात्रीं एकदम उगवलें नव्हतें. श्रीरामपुरास सर्वजण एका पंगतीस जेवीत, आणि मिळकत एका पेटींत जाई. दर शनिवारीं सायंकाळीं ते एकत्र बसून आठवड्यांतील कुरबुरी बोलून मिटवीत. संतमंडळी असून कुरबुरी होत्याच, हें लक्षांत घ्यावें. नाहीं तर शनिवारची गरजच नव्हती. त्याआधींचें दुःख तर आगीहूनहि मोठें होतें. केरीसाहेबांच्या पत्नी डॉरथी कित्येक वर्षें मनाच्या आजारानें ग्रासलेल्या होत्या व डिसेंबर १८०७ मध्यें वारल्या. घरीं मुलें मोकाट झालीं होतीं आणि बाप पुस्तकांत बुडालेला. त्या मुलांना मार्शमन ह्यांच्या पत्नी हन्नाबाई ह्यांनीं जवळ केलें, आणि थोरला मुलगा फेलिक्स ह्याला वॉर्ड ह्यांनीं मित्रासारखें सांभाळून वळण लावलें. केरीसाहेबांस त्यांनीं ह्याबद्दल उपदेश केला कीं नाहीं कोण जाणे. मुलगा मात्र हातीं लागला.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या संस्थेनें १०,००० पौंड उभे केले तिच्याशींच पुढें मालमत्तेवरून वाद वाढला, आणि १८२७ सालीं श्रीरामपूरकर तिच्यापासून वेगळे झाले. दूरच्या देणगीदारांशीं शनिवारची बैठक होत नसे. वॉर्ड १८२३ सालीं पटकीनें वारले. मार्शमन मात्र केरीसाहेबांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ९ जून १८३४ पर्यंत, त्यांचे सोबती राहिले.