ध्येय गाठून देणारं ॲप: फुकट किती, विकत किती?

रोज अर्धा तास चालायचं, रात्री अकरा वाजता फोन बाजूला ठेवायचा, आठवड्यातून एकदा जुन्या मित्राशी निवांत बोलायचं. मन ताळ्यावर राहावं म्हणून माणूस जे ठरवतो, ते बहुधा एवढंच साधं असतं. ठरवलेलं लिहून ठेवायला, आठवण करून द्यायला आणि झालं की खूण करायला ॲप चांगलं उपयोगी पडतं. पण हे तिन्ही फुकटात होतं. पैसे मागितले जातात ते त्यापुढच्या गोष्टींसाठी, आणि त्यातल्या बऱ्याच तुम्हाला लागणार नाहीत.

अँड्रॉइड फोन असेल तर ‘लूप हॅबिट ट्रॅकर’ आधी बघा. पूर्ण मोफत, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि नोंदी तुमच्या फोनवरच राहतात. खेळाची आवड असेल तर ‘हॅबिटिका’ आहे. त्यात कामं केली की तुमचं पात्र बळकट होतं, आणि मुख्य खेळाला पैसे पडत नाहीत. यांपैकी काहीच नको असेल तर फोनमधला गजर आणि कॅलेंडर आहेच.

लूपची एक गोष्ट मला फार आवडते. एक दिवस चुकला तर सवयीचा गुणांक थोडा खाली येतो, शून्यावर जात नाही. उलट कित्येक ॲप सगळा भर अखंड साखळीवर देतात. रात्री साडेदहाला फोन कुरकुरतो, ‘तुमची ४३ दिवसांची साखळी तुटणार!’ मन शांत व्हावं म्हणून घेतलेलं ॲप झोपताना छातीत धडधड वाढवत असेल, तर ते फुकट मिळालं तरी महागच. त्या धाकाला आधारही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नवी सवय अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत कितीही लागू शकतात, मध्यावर ६६. मधला एखादा दिवस चुकल्यानं विशेष बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. त्यामुळे ‘२१ दिवसांत नवे तुम्ही’ असं सांगून कोर्स विकणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढे जावं.

आता विकतचं बघू. अमर्याद सवयी, रंगीत आलेख, ध्यानाच्या ध्वनिफिती, प्रेरक वचनं असा साधारण माल असतो. मोफत आवृत्तीत तीन-चारच सवयी नोंदवता येतात म्हणून अनेकजण पैसे भरतात. पण एका वेळी फार सवयी धरल्या की सगळ्याच सुटण्याची भीती असते, तेव्हा ही मर्यादा तुमच्या फायद्याचीच आहे. ध्येय कसं लिहिता याला जास्त महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं काम सांगतं की केव्हा, कुठे, काय हे आधीच पक्कं केलं की ठरवलेलं हातून होण्याची शक्यता वाढते. ‘व्यायाम करीन’ असं लिहू नका. ‘सकाळचा चहा झाला की बूट घालून कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत’ असं लिहा. याला कुठलंही ॲप पैसे लावत नाही.

तरी घ्यायचंच असेल तर किमतीचा पडदा नीट वाचा. वार्षिक पर्याय आधीच निवडलेला असतो. समजा वर्षाचे १,९९९ रुपये आहेत, तर मोठ्या अक्षरात दिसतं ‘महिना फक्त १६७’. खाली ठळक बटण असतं, ‘७ दिवस मोफत’. खरी रक्कम आणि ती कोणत्या तारखेला कापली जाईल, हे त्याखाली फिकट राखाडी अक्षरात. सगळ्यात फसवा दर आठवड्याचा. १९९ रुपये किरकोळ वाटतात, पण ५२ आठवड्यांचे १०,३४८ होतात. आणि ‘आजीवन’ सदस्यत्व घेताना एवढंच लक्षात ठेवा की ते आयुष्य तुमचं नसून ॲपचं असतं.

मोफत मुदत घेतलीत तर गूगल प्लेवर त्याच दिवशी सदस्यत्व रद्द करा. मुदत संपेपर्यंत वापरता येतं. आयफोनवर किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. ॲप फोनवरून काढलं म्हणजे सदस्यत्व थांबत नाही, आणि नेमके इथेच अनेकजण फसतात. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून सदस्यत्वांच्या यादीत जा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली ही यादी मिळते. यूपीआयनं पैसे भरले असतील तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन तिथली परवानगीही मोडा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे ती सूचना वाचणं हाच तुमचा पहारा. पैसे गेलेच तर गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. सदस्यत्व घेणं एका टिचकीत आणि रद्द करणं दहा पडद्यांआड, ही लबाडी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या १३ प्रकारांवर बंदी घातली त्यांत मोडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रुपयांत न दिसणारी किंमत म्हणजे माहिती. मनःस्थितीची रोजची नोंद ही बँकेच्या पासबुकाहून खासगी. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीनं ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं ठेवला, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याच्या तडजोडीवर ते प्रकरण मिटलं. सवयी नोंदवणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क आणि ठिकाण कशाला हवं? परवानगी नाकारा. ॲप सोडताना खातंही बंद करा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, झोप-भूक बिघडली आहे, आवडतं कामही नको वाटतंय, अशा वेळी ध्येयाची यादी पुरी होत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. तिथे ॲप बदलून उपयोग नाही, माणसाशी बोलायला हवं. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. स्वतःला इजा करावीशी वाटत असेल तर याच क्षणी लावा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं याच विभागाची. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे.

बाकीच्यांनी आधी महिनाभर फुकटातलं ॲप वापरावं. त्यानंतरही कशाची तरी अडचण होत असेल तर त्या एका सोयीसाठी वार्षिक दरानं पैसे भरावेत, आणि भरतानाच नूतनीकरणाच्या दोन दिवस आधीचा गजर लावावा. तूर्तास तुमच्या फोनवर कोणकोणती सदस्यत्वं चालू आहेत ती यादी उघडून बघा. ओळखीची नसलेली एखादी निघाली तर आजच बंद करा.