कौल फोडलं कुणी?

प्रश्न : चार मूलभूत बलांत गुरुत्वाकर्षण सगळ्यांत दुबळं, असं आम्हाला शिकवतात. मग माडावरून पडलेला नारळ कौल फोडून घरात कसा येतो? आणि दुबळं म्हणजे किती पट? (एक विद्यार्थिनी, मालवण)

उत्तर : गुरुत्वाकर्षणानं नारळाला फक्त वेग दिला. कौल फुटलं ते नारळाचे आणि कौलाचे अणू एकमेकांना भिडल्यामुळे. ती ढकलाढकली मुख्यतः विद्युतचुंबकीय बलाची. तोच नारळ अंगणात पडला असता, तर अख्ख्या पृथ्वीनं आठ-दहा मीटर खेचून जमवलेला वेग मातीच्या वरच्या थरानं काही सेंटिमीटरांत संपवला असता.

आता किती पट. दोन प्रोटॉन घ्या. त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्ये इतके पट. अंतर कितीही ठेवा, दोन्ही बलं अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, त्यामुळे गुणोत्तर तेच. पण प्रोटॉनांऐवजी इलेक्ट्रॉन घेतलेत की आकडा ४ वर ४२ शून्यांवर जातो, कारण प्रभार तेवढाच आणि वस्तुमान फारच कमी. म्हणून गाइडमधल्या तक्त्यातला आकडा पाठ करण्याआधी तो कोणत्या कणांचा, हे विचारावं. तक्ते ते सहसा सांगत नाहीत.

उरलेल्या दोन बलांना तर अंतरही विचारावं लागतं. अणुकेंद्रकाच्या आत, मीटरच्या १ वर १५ शून्ये इतक्याव्या भागावर, तीव्र बल विद्युत बलाच्या साधारण शंभरपट. थोडं दूर गेलात की जवळपास शून्य. क्षीण बलाचं नाव मला अन्यायाचं वाटतं. त्याचे वाहक डब्ल्यू आणि झेड हे कण (१९८३मध्ये सर्नमध्ये सापडले) भलतेच जड. डब्ल्यू प्रोटॉनच्या सुमारे ८५ पट! म्हणून त्याचा पल्ला तोकडा. केंद्रकाच्याही हजारपट लहान अंतरावर गेलं, की ते विद्युतचुंबकीय बलाच्या तोडीचं ठरतं. शिवाय सूर्यात प्रोटॉनचा न्यूट्रॉन तेच करतं, आणि इतकं रेंगाळत करतं, की सूर्य अब्जावधी वर्षं पुरतो.

मग ग्रहताऱ्यांवर राज्य गुरुत्वाकर्षणाचं कसं? धन आणि ऋण प्रभार एकमेकांना फेडून टाकतात. पृथ्वीचा एकूण प्रभार म्हणूनच नगण्य. वस्तुमानाला ऋण बाजू नाही. ते नुसतं साठत जातं.