एक वायर निसटली तरी नेटवर्क चालू : संगणकाला दोन नेटवर्क कार्डं

बारावीच्या आयटी विषयाची परीक्षा संगणकावर होते. त्याची तयारी करताना लॅबमधल्या सर्व्हरवर वीस मुलं काम करत असतात, आणि नेमकी सर्व्हरची एकच वायर सैल होते. वीसही स्क्रीन थांबतात. यावर उपाय म्हणजे ‘फेलओव्हर’: एक वाट बंद पडली की दुसरी आपोआप चालू.

कुर्डुवाडीच्या मुलांना हे लगेच कळतं. आपल्या जंक्शनवर दौंड-सोलापूर आणि मिरज-लातूर हे दोन मार्ग भेटतात. पुण्याला दौंडवरून जातात, पण तो मार्ग बंद असेल तर पंढरपूर, मिरज, साताऱ्यावरूनही पुणं गाठता येतं. लांब पडतं, पण पोचता येतं.

लिनक्सवर कसं करायचं?

१. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं हवीत. नेटवर्क सेटिंगमध्ये ‘बाँड’ नावाचा नवा इंटरफेस बनवा आणि दोन्ही कार्डं त्यात घाला.

२. मोड ‘ॲक्टिव्ह-बॅकअप’ (क्रमांक १) निवडा. यात एका वेळी एकच कार्ड काम करतं, दुसरं राखीव असतं. स्विचमध्ये वेगळी सेटिंग लागत नाही.

३. आयपी ॲड्रेस बाँडला द्या, कार्डांना नाही. त्यामुळे कार्ड बदललं तरी मुलांच्या संगणकांसाठी सर्व्हरचा पत्ता तोच राहतो.

४. लिंक तपासणीचा आकडा १०० मिलिसेकंद ठेवा. म्हणजे वायर जोडलेली आहे का, हे सेकंदाला १० वेळा पाहिलं जातं. इथे शून्य असेल तर ही तपासणी होतच नाही. मग दुसरं कार्ड असूनही उपयोग नाही!

इथे गफलत होते

दोन्ही वायरी एकाच स्विचमध्ये लावल्या आणि स्विचच बंद पडला तर? दोन मार्ग असले तरी दोन्ही कुर्डुवाडी स्टेशनातूनच जातात. स्टेशनच अडलं तर दोन्ही अडले. म्हणून शक्यतो दोन वेगळे स्विच वापरा, आणि त्यांची वीजही वेगळ्या बोर्डावरून घ्या.

दुसरी गोष्ट. लिंक तपासणी फक्त स्विचपर्यंतची वायर पाहते. स्विच चालू, पण त्याच्या पुढची वायर तुटलेली, हे तिला कळत नाही. त्यासाठी ‘एआरपी’ तपासणी असते. ती राउटरला ठरावीक वेळाने विचारते, ‘आहेस का?’ ही वापरायची तर आधीची लिंक तपासणी बंद ठेवा.

मुलांकडून करून घ्या

एका संगणकावरून सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवा आणि चालू कार्डाची वायर काढायला सांगा. किती उत्तरं चुकली, ते मुलांनी वहीत लिहावं. मग वायर परत लावून दुसरी काढावी. हा प्रयोग परीक्षेच्या दिवशी नाही, आठवडाभर आधी करा. राखीव वाट खरंच चालते की नाही, हे ती वापरून पाहिल्याशिवाय कळत नाही.